दुसरा कळप

(सोलापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय, ‘जनावरं रानात परत कशी सोडतात’. त्याच्यावर बोलणारच आहे. पण त्याआधी तुम्हाला एका भिंतीवरून डोकावायला नेतो.

साल 1865. पेकिंगच्या, म्हणजे आजच्या बीजिंगच्या, दक्षिणेला चीनच्या बादशहाचं शिकारीचं राखीव रान, नानहायझी. भोवती जवळपास 70 किलोमीटरची भिंत, त्यावर शिपायांचा पहारा. परक्या माणसाला आत मज्जाव. आर्मां दाविद नावाचे एक फ्रेंच मिशनरी होते, निसर्गाचे मोठे अभ्यासक. पांडा पश्चिमेला ठाऊक झाला तो पुढे यांच्यामुळेच. त्यांनी त्या भिंतीवरून आत नजर टाकली, तर शंभराहून जास्त हरणं चरताना दिसली. अशी हरणं त्यांनी कुठे पाहिली नव्हती, कुठे वाचलीही नव्हती. चिनी लोक त्याला मिलू म्हणतात. दुसरं एक नाव आहे, त्याचा अर्थ ‘चौघांसारखं नसलेलं’. तोंड घोड्याचं, शेपूट गाढवाचं, खूर गाईचे, शिंगं हरणाची, आणि पुरतं यांतलं कुणीच नाही. मोकळ्या रानातलं मिलू त्याच्या कित्येक शतकं आधी संपलेलं होतं. उरलेला सगळा वंश त्या एका भिंतीच्या आत.

दाविदबाबांनी पहारेकऱ्यांना पैसे चारले, कातडी मिळवली आणि 1866 मध्ये पॅरिसला धाडली. मागाहून काही जिवंत जनावरंही युरोपात गेली. हा व्यवहार सरळ नव्हता, हे मी लपवणार नाही. पण पुढचं ऐका.

1890 च्या दशकात नदीला पूर आला, भिंत खचली, हरणं बाहेर पडली आणि उपाशी माणसांनी ती खाल्ली. त्या माणसांना मी दोष देत नाही. दुष्काळात आपल्या गावांत काय काय शिजलंय ते आपल्या आज्यांना विचारा. थोडी हरणं राहिली होती, ती 1900 च्या, परकीयांविरुद्ध उठलेल्या बॉक्सर बंडाच्या धामधुमीत परदेशी फौजांनी संपवली. चीनमधलं मिलू खलास झालं.

आता मी तुम्हाला इंग्लंडमधल्या वोबर्नला नेतो. माझी मुलगी त्या बाजूला राहते, म्हणून मला तिथं तीनदा जाता आलं. बेडफर्डशरमधली ही जागीर मुळात मठाची, 1145 ची. आठव्या हेन्रीनं मठ मोडीत काढले आणि काही वर्षांतच ही जागा रसेल घराण्याकडे आली. पुढे हेच बेडफर्डचे ड्यूक झाले. वाड्याभोवती तीन हजार एकरांचं कुरण, त्यात नऊ जातींची हरणं मोकळी. त्यात आपलं चितळ आहे, आपला बारशिंगासुद्धा आहे! ओकच्या झाडाखाली बारशिंगा उभा पाहिला आणि माझ्या घशात आवंढा आला. कुरणातून सार्वजनिक पायवाट जाते, कुणीही चालत जावं. पर्यटक मोटारीतून सिंह पाहतात तो सफारी पार्क शेजारचा, 1970 चा. वारसा कर डोईजड झाला, तेव्हा 1955 मध्ये ड्यूकनं वाडा लोकांना खुला केला आणि मग हे सगळं वाढत गेलं. सिंहांबद्दल मात्र मी आज बोलणार नाही. मला त्या पायवाटेबद्दल बोलायचंय.

जूनचे दिवस होते, सकाळची वेळ, भुरभुर पाऊस. मी एका खोडावर बसलो होतो. आधी आवाज आला. कट, कट, कट. कुणीतरी ओल्या जमिनीवर बोटं मोडत चालल्यासारखा. मिलूचे खूर फाकलेले, दलदलीत रुतू नयेत असे असतात, आणि चालताना ते असे वाजतात. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण कानांनी ऐकणं वेगळं. मग तळ्याकडून नर आला. माजावर होता. चिखलानं माखलेला, आणि शिंगांवर गवताचा भाराच्या भारा. ते माजात मुद्दाम गवतात शिंगं घुसळतात आणि ते ओझं मिरवत फिरतात. आपल्याकडे नवरदेवाला बाशिंग बांधतात ना, अगदी तसं. हसा, हसा, मीही तेव्हा मोठ्यानं हसलो आणि तो थबकला. शेपटी लांबलचक, टोकाला गोंडा. माझ्याकडे मिनिटभर पाहिलं आणि पुन्हा चरायला लागला. मंडळी, त्या वेळी माझ्या डोक्यात एकच आकडा होता. अठरा.

अकरावे ड्यूक हरब्रँड रसेल यांनी शतक उलटत असताना युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांत विखुरलेली मिलू गोळा केली. एकूण 18. त्यांतली जेमतेम अकरा वंश वाढवण्याजोगी होती. आज जगात जिथे जिथे मिलू आहे, ते या मूठभरांचं पोर. एका बागेत दोन, दुसरीत तीन, अशी सुटी सुटी ती म्हातारी होऊन मेली असती. हा माणूस निर्दोष नव्हता. त्यानंच आणलेलं चिनी भेकर, आपल्या भेकराचा भाऊ, बाहेर निसटलं आणि इंग्लंडच्या रानांचा पाला आजही ओरबाडतंय. पण मिलूच्या बाबतीत त्यानं केलं ते वेळेवर केलं. पहिल्या महायुद्धात चाऱ्यावाचून कळप घटला. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बची धास्ती. म्हणून पुढच्या ड्यूकनं काही हरणं व्हिप्सनेडच्या प्राणिसंग्रहालयाला आणि इतरत्र वाटून टाकली. माझा सगळा मुद्दा हाच आहे, दुसरा कळप...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं. पडद्यावरची चित्रं राहू द्या, भराभर सांगतो.

परत कसं सोडतात? पहिलं, जागा. 1985 मध्ये वोबर्नची विसेक हरणं चीनला गेली, आणि गेली ती थेट नानहायझीत, जिथून वंश उठला होता तिथंच. 1986 मध्ये आणखी 39 ब्रिटनमधून दाफेंगला, समुद्रकाठच्या दलदलीत. दुसरं, घाई नको. आधी कुंपणाच्या आत, तिथलं गवत, तिथले रोग अंगवळणी पडेपर्यंत. तिसरं, एका जागी वाढले की तिथून पुन्हा तिसरीकडे न्या. तिसरं कधीच विसरू नका.

आपल्याकडे कान्ह्यात 1970 मध्ये कडक जमिनीवरचे बारशिंगे 66 उरले होते. गवताळ कुरणं सुधारली, संरक्षण दिलं, वाढले. मग काहींना सातपुड्याच्या व्याघ्र प्रकल्पात नेलं. शाब्बास! पण गीरचे सिंह? 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना कुनोत न्यायला सांगितलं. 2018 मध्ये गीरमध्ये साथ आली, वीसहून जास्त सिंह गेले. 2022 मध्ये कुनोत चित्ते आले, सिंह अजून नाहीत. ही पेकिंगची भिंतच आहे, मंडळी, एका पुराची वाट पाहणारी.

आणि आपला नान्नज. इथून वीसेक किलोमीटरवर. माळढोकाचं अभयारण्य झालं 1979 मध्ये. 1984 च्या पावसाळ्यात मी तिथं माळढोकाचा नर पाहिलाय, गळ्याची पिशवी जमिनीपर्यंत लोंबवलेली, शेपटी पाठीवर उलटी. आज तिथं एखादा पक्षी दिसला तर पेपरात बातमी येते. राजस्थानात 2019 पासून अंडी उबवून पिल्लं वाढवतायत. ते काम आपण इथं माळ भरलेला असताना सुरू करायला हवं होतं. त्या वेळी माझ्यासकट कुणालाच तसं वाटलं नाही, कारण रोज दिसत होते.

संयोजक उभे राहिलेत, दोन वाक्यं. 1998 मध्ये चीनच्या यांगत्से नदीला महापूर आला. हूबेमधल्या राखीव जागेतलं कुंपण पाण्याखाली गेलं आणि मिलू पोहत पलीकडे निघून गेली. काही थेट डोंगटिंग सरोवराच्या दलदलीपर्यंत पोचली. माणसांनी त्यांना तिथं सोडलेलं नाही. मोकळ्या रानात जन्मलेली त्यांची पाडसं आज त्या दलदलीत फिरतायत, आणि चालताना त्यांच्याही खुरांचा तसाच आवाज येत असणार. कट, कट, कट.