मागचे चार आठवडे

[बाह्यरुग्ण विभाग. बाकांवर बसलेली माणसं.]

डॉक्टर विचारतात, "कसं काय, बरं आहे ना?" पेशंट म्हणतो, "बरं आहे." दम्याच्या कितीतरी तपासण्या इथेच संपतात. पेशंट खोटं सांगत नसतो. जिन्यात मध्येच थांबायची, पहाटे खोकत उठून बसायची त्याला इतकी सवय झालेली असते, की ते सांगण्यासारखं काही आहे असं त्याच्या मनातही येत नाही.

[कागद, जवळून.]

हा कागद त्याच्याकडून ते काढून घेतो. यावर पाच प्रश्न आहेत आणि प्रत्येकाला पाच पर्याय. हिचं नाव दमा नियंत्रण चाचणी. डॉक्टर मंडळी तिला एसीटी म्हणतात. 2004 पासून ती वापरात आहे. ती मागच्या चार आठवड्यांचाच हिशेब मागते. दम्यामुळे कामात, शाळेत, घरात किती अडलं? धाप किती वेळा लागली? रात्री किंवा पहाटे लवकर जाग किती वेळा आली? लगेच आराम देणारा पंप किती वेळा ओढला? आणि शेवटी, तुमच्या मते दमा कितपत आटोक्यात आहे?

[काका कागद भरताना.]

या काकांचं पेन चौथ्या प्रश्नावर थांबलंय. "रोज घेतो का गं मी पंप?" शेजारून उत्तर येतं, "अहो, सकाळी निघताना घेताच की. कधीकधी संध्याकाळीसुद्धा." काकांनी खूण केली, रोज एक ते दोन वेळा. त्याचे गुण 2. पाचव्या प्रश्नाला मात्र त्यांनी लिहिलंय, दमा चांगला आटोक्यात आहे. त्याचे 4. आधीच्या तीन उत्तरांचे 4, 3 आणि 3. बेरीज 16.

पैकीच्या पैकी गुण 25. वीस किंवा जास्त असतील तर दमा आटोक्यात. 16 ते 19 म्हणजे पुरेसा आटोक्यात नाही, आणि 15 किंवा कमी म्हणजे अजिबातच नाही. "चांगला आटोक्यात" म्हणणारे काका मधल्या गटात निघाले. म्हणूनच आमचं ठाम मत आहे की हा कागद दर भेटीला, डॉक्टरांसमोर बसण्याआधी भरून घ्यावा. डॉक्टर समोर असले की माणूस त्यांना आवडेल असं उत्तर देतो.

[मुलांचा विभाग. चेहऱ्यांची चित्रं.]

4 ते 11 वर्षांच्या मुलांसाठी वेगळा कागद आहे, सात प्रश्नांचा. पहिले चार मुलाचे. आज दमा कसा आहे, धावताना त्रास होतो का, खोकला येतो का, रात्री जाग येते का? उत्तर म्हणून रडक्यापासून हसऱ्यापर्यंतच्या चेहऱ्यांपैकी एकावर बोट ठेवायचं. उरलेले तीन प्रश्न आईवडिलांचे. सिस्टर सांगतायत, "ताई, त्याला स्वतः ठरवू द्या." एकूण गुण 27, आणि 19 किंवा त्याखाली आले की लक्ष घालायचं.

[स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकर मारून श्वासाची ताकद मोजणं. जोरात फुंकर.]

ही फुंकर आणखी एका प्रश्नावलीत मोजली जाते. कॅनडातल्या एलिझाबेथ ज्युनिपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती 1999 साली मांडली. ती एका आठवड्याचंच विचारते. सहा उत्तरं पेशंटची, सातवं या यंत्राचं. इथे गुण उलटे चालतात. जितके जास्त तितका त्रास जास्त, आणि सरासरी दीडच्या वर गेली की दमा आटोक्यात नाही.

दमा असाच राहिला तर झटका येतो, रुग्णालय गाठावं लागतं, प्रसंगी जीव जातो.

[पंप हातात घेतलेले काका.]

गुण कमी आले म्हणून लगेच औषध वाढवायचं नसतं. आधी पंप कसा ओढला जातोय ते बघायचं. काका आधी दाबतायत आणि श्वास मग घेतायत, त्यामुळे औषध जिभेवर आणि घशातच राहतंय. पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, सावकाश आत घ्यायला लागताच दाबायचं, मग दहा सेकंद श्वास धरायचा. रोजचा, सूज कमी करणारा पंप चुकतो का, हेही इथेच विचारायचं. बरं वाटलं की पहिल्यांदा तोच बंद होतो.

एक गोष्ट कागद विचारत नाही. वर्षभरात मोठा झटका येऊन गेला का? आला असेल तर गुण 22 असले तरी धोका असतो. तो प्रश्न डॉक्टरांनी तोंडीच विचारायचा.

पुढच्या तारखेला काका हाच कागद पुन्हा भरतील. तीन किंवा जास्त गुणांचा फरक पडला, तरच तो बदल खरा धरतात. 19 आले तर सुधारणा झाली, पण दमा अजून आटोक्यात आलेला नाही. 17 आले तर पंप पुन्हा हातात घेऊन दाखवायचा.