सत्ता नसलेल्यांचं विधिमंडळ

"अमुक तालुक्यातली पाणीपुरवठा योजना मागील तीन वर्षांपासून बंद आहे, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय? असल्यास, चौकशीत काय आढळून आले? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

महाराष्ट्राच्या विधानसभेत विचारला जाणारा तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात द्यावं लागतं असा प्रश्न, साधारण असा असतो. गाव बदलतं, खातं बदलतं, साचा तोच. आणि खाली उत्तरही ठरलेल्या साच्यात येतं, "हे खरे आहे", "हे खरे नाही", आणि सगळ्यात लाडकं उत्तर म्हणजे "हे अंशतः खरे आहे". शेवटच्या मुद्द्यावर बऱ्याचदा "प्रश्न उद्भवत नाही". वाचायला अगदी कोरडं वाटतं, सरकारी फायलीसारखंच. पण हा प्रश्न विचारायचा हक्क मिळायला मुंबईतल्या लोकप्रतिनिधींना सरळ तीस वर्षं वाट बघावी लागली होती, आणि आजच्या व्हिडिओत तीच गोष्ट सांगायचीये. सरकार कसं बनतं, कोण फुटलं, कोणाकडे किती आकडा आहे हे तुम्ही रोजच बघता. आपण बघूया की ज्याच्या हातात सत्ता नाही असा एक साधा सदस्य त्या सभागृहात नक्की काय करू शकतो, आणि आजवर काय काय केलंय.

सुरुवात झाली 22 जानेवारी 1862 ला. मुंबईच्या टाउन हॉलमध्ये, म्हणजे फोर्टात एशियाटिकच्या त्या पांढऱ्या पायऱ्या आहेत ना, तिथेच. 1861 च्या कायद्याने मुंबई प्रांताला कायदे करणारं कौन्सिल मिळालं होतं, अध्यक्षस्थानी खुद्द गव्हर्नर, आणि नेमलेल्या मोजक्या भारतीय सदस्यांमध्ये आपले नाना शंकरशेट. निवडणूक वगैरे काही नाही. सरकार जे विधेयक आणेल त्यावर बोलायचं, बास. सरकारला प्रश्न विचारता येत नव्हता, बजेटवर चर्चा करता येत नव्हती. प्रश्न विचारायचा हक्क आला 1892 च्या कायद्याने, आणि तोही अर्धवट, म्हणजे उत्तर आलं की गप्प बसायचं, त्यावर उपप्रश्न विचारायचा नाही. उपप्रश्न आला 1909 मध्ये. आज टीव्हीवर मंत्र्याला घाम फुटलेला दिसतो तो त्या उपप्रश्नामुळेच, कारण मूळ उत्तर खात्यातले अधिकारी लिहून देतात, उपप्रश्नाला मात्र मंत्र्याला स्वतःलाच उभं राहावं लागतं. तेव्हा अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून चिठ्ठ्या सुटायला लागतात, एक आली, दुसरी आली, मंत्रिमहोदय चष्मा वर-खाली करत वाचतायत. ज्याने खात्याचा अभ्यास केलाय तो मंत्री चिठ्ठीकडे बघतही नाही, आणि सभागृहाला ते लगेच कळतं.

आता 1901. छप्पन्नच्या दुष्काळाने (संवत 1956, म्हणजे 1899-1900) शेतकरी आधीच मोडला होता, सारा म्हणजे जमिनीवरचा सरकारी कर थकला होता, आणि सरकारने जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती आणली. सारा थकला म्हणून सरकारजमा झालेली जमीन शेतकऱ्याला परत द्यायची, पण विकायचा किंवा गहाण टाकायचा हक्क काढून. सरकारचं म्हणणं, सावकाराच्या तावडीतून जमीन वाचेल. विरोधकांचं म्हणणं, असं केलंत तर शेतकरी मालकाचा नुसता कूळ होऊन बसेल, आणि त्याची पतही जाईल. खरं सांगायचं तर दोन्ही बाजूंना थोडंफार तथ्य होतं. पण सरकारला घाई होती आणि मतं सरकारचीच जास्त, त्यामुळे विधेयक लांबणीवर टाका ही मागणी फेटाळली गेली. मग फिरोजशहा मेहता उठले आणि सरळ बाहेर पडले, मागोमाग गोपाळ कृष्ण गोखले आणि आणखी काही सदस्य. गोखल्यांसारखा मवाळ माणूस सभात्याग करतो म्हणजे बघा! विधेयक अर्थातच मंजूर झालं. आज सभात्याग रोजचाच झालाय, सकाळी बाहेर पडतात आणि चहा घेऊन परत येतात, पण त्या काळात गव्हर्नरसमोरून असं उठून जाणं ही साधी गोष्ट नव्हती.

1919 च्या सुधारणांनंतर कौन्सिल मोठं झालं, निवडून आलेले सदस्य बहुसंख्य झाले, आणि 1921 मध्ये नारायणराव चंदावरकर पहिले बिनसरकारी अध्यक्ष झाले. इथून पुढचा एक ठराव मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रावबहादूर सीताराम केशव बोले, भंडारी समाजातले, मुंबईतले कार्यकर्ते आणि कौन्सिलचे सदस्य. मंत्री नाहीत, काही नाही. 4 ऑगस्ट 1923 ला त्यांचा ठराव मंजूर झाला की सरकारी पैशातून बांधलेले किंवा सरकारी संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच शाळा, कोर्टं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत.

ठराव म्हणजे कायदा नव्हे. तो मोडला म्हणून कोणाला शिक्षा होत नाही. पण ठरावावरून सरकारने परिपत्रक काढलं, परिपत्रक नगरपालिकांकडे गेलं, आणि 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचं कागदोपत्री जाहीर केलं. कागदोपत्रीच हां, प्रत्यक्षात कोणी तळ्यावर जाऊ देईना. 1926 मध्ये बोल्यांनी परत ठराव आणला, की जी नगरपालिका, जे लोकल बोर्ड हे अमलात आणणार नाही त्यांचं सरकारी अनुदान बंद करा. आणि मग 20 मार्च 1927, महाड, बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसं तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. आपण सत्याग्रह लक्षात ठेवतो आणि ठेवायलाच पाहिजे, पण त्या माणसांच्या पाठीशी कौन्सिलने मंजूर केलेला एक कागद होता, हे शाळेत एका ओळीत उरकतात. पुढे प्रकरण कोर्टात गेलं आणि 1937 मध्ये हायकोर्टाचा निकाल लागेपर्यंत दहा वर्षं गेली.

त्याच 1927 मध्ये फेब्रुवारीत बाबासाहेब स्वतः कौन्सिलचे नियुक्त सदस्य झाले होते. 1928 मध्ये गिरणीत काम करणाऱ्या बायकांना बाळंतपणाची पगारी रजा देणाऱ्या विधेयकाच्या बाजूने ते बोलले, महार वतनाचं विधेयक त्यांनी स्वतः आणलं. आणि 1937 च्या निवडणुकीनंतर, स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून विरोधी बाकावर बसून, त्यांनी कोकणातली खोती रद्द करायचं विधेयक मांडलं. खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्या मधला माणूस, जो सारा तर घ्यायचाच, वर वेठही घ्यायचा. विधेयक सप्टेंबर 1937 मध्ये मांडलं गेलं, काँग्रेसचं सरकार त्याला हात लावायला तयार नव्हतं, आणि 10 जानेवारी 1938 ला कोकणातून आणि इतर भागातून आलेल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर धडकला. हा कौन्सिल हॉल म्हणजे रिगल सिनेमासमोरची ती दगडी इमारत, मूळची खलाशांसाठी बांधलेली, 1928 पासून कौन्सिलची, आणि आज तिथे पोलीस महासंचालकांचं कार्यालय आहे. खोती गेली 1949 च्या कायद्याने. बारा वर्षांनी.

असा उशीर आपल्या विधिमंडळात बऱ्याचदा दिसतो. सदस्य आधी बोलतो, सरकार नंतर ऐकतं, आणि कधीकधी मधे एक पिढी निघून जाते.

1937 ला दोन सभागृहं झाली, विधानसभा आणि विधान परिषद, पहिली बैठक त्या जुलैत पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये. विधानसभेचे अध्यक्ष झाले गणेश वासुदेव मावळंकर, तेच पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष. मग द्विभाषिक मुंबई राज्य, आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्र. तेव्हा 264 आमदार होते, 1978 च्या निवडणुकीपासून 288 आहेत. परिषदेत 78. त्यातले 30 आमदारांनी निवडलेले, 22 स्थानिक स्वराज्य संस्थांचे, 7 पदवीधरांचे, 7 शिक्षकांचे आणि 12 राज्यपालांनी नेमलेले. ती 12 नावं किती वाद घालतात ते तुम्हाला माहितीच आहे, त्यात शिरत नाही.

परिषद कशाला पाहिजे, हा प्रश्न दर काही वर्षांनी कोणीतरी काढतोच. पडलेल्यांचं पुनर्वसन केंद्र म्हणून हिणवतात, आणि ते अगदीच खोटं नाहीये. पण त्याच परिषदेचे सभापती वि. स. पागे, 1960 पासून 1978 पर्यंत त्या खुर्चीत, आणि रोजगार हमी योजना ही त्यांच्या डोक्यातून निघालेली. सुरुवातीचा प्रयोग सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला, मग 1972 चा दुष्काळ, आणि 1977 मध्ये विधिमंडळाने थेट कायदाच केला, काम मागेल त्याला काम. तुमच्या सॅलरी स्लिपवर दर महिन्याला प्रोफेशन टॅक्स कापलेला दिसतो ना, तो मूळ याच योजनेसाठी लावलेला. उलटी बाजूही सांगतो. जादूटोणाविरोधी विधेयक 2005 मध्ये विधानसभेत मंजूर झालं आणि परिषदेत जाऊन अडकलं. वर्षं गेली. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात, याच कायद्यासाठी लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, चारच दिवसांत वटहुकूम निघाला, आणि डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात कायदा झाला. म्हणजे हे करता येत होतं.

एकट्या सदस्याला काय करता येतं याचं माझं आवडतं उदाहरण मृणाल गोरे. 1986 मध्ये त्यांनी अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या सदस्याने आणलेलं) मांडलं, गर्भाचं लिंग तपासून मुलगी असली की गर्भपात करायचा हा धंदा बंद करा म्हणून. अशासकीय विधेयकं सहसा मांडली जातात, मंत्री आश्वासन देतो, सदस्य मागे घेतो, संपलं. इथे तसं झालं नाही, बाहेर स्त्री संघटनांनी रान उठवलं होतं आणि आत बाई सोडायला तयार नव्हत्या. 1988 मध्ये महाराष्ट्राने कायदा केला, देशात पहिला. केंद्राचा कायदा आला 1994 ला.

बाकी सदस्याकडची हत्यारं बरीच आहेत. लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधायला), अर्धा तास चर्चा, औचित्याचा मुद्दा, स्थगन प्रस्ताव (ठरलेलं कामकाज थांबवून चर्चा मागायला), विधानसभेत विरोधकांची नियम 293 खालची चर्चा, आणि अधिवेशन संपता संपता अंतिम आठवडा प्रस्ताव. अधिवेशनाच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्री चहापान ठेवतात आणि विरोधक त्यावर बहिष्कार टाकतात, पक्ष कुठलाही असो, हे इतकं नियमित आहे की एखाद वर्षी सगळे चहाला गेले तर तीच ब्रेकिंग न्यूज होईल. मग विधान भवनाच्या पायऱ्यांवर फलक, गळ्यात कांद्याच्या नाहीतर संत्र्याच्या माळा, कॅमेऱ्यांसमोर घोषणा. आणि आत? दुपारी उशिरा पुरवणी मागण्यांवर (बजेटनंतरच्या जादा खर्चाच्या मागण्यांवर) चर्चा चालू असते, बाकं रिकामी, अध्यक्षांच्या जागी बसणारे तालिका अध्यक्ष खुर्चीवर, आणि दूरच्या तालुक्यातला कोणीतरी आमदार प्राथमिक आरोग्य केंद्राबद्दल जीव तोडून बोलत असतो. हजारो कोटींच्या मागण्या "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे" एवढ्यावर मंजूर होतात. माझ्या मते खरी काळजी करायची तर गोंधळाची नाही, या रिकाम्या बाकांची करायला हवी.

नागपूरशिवाय ही गोष्ट पूर्ण होत नाही. 1953 च्या नागपूर करारात ठरलं की विदर्भ मराठी राज्यात यावा आणि वर्षातून एक अधिवेशन नागपूरला व्हावं. तिथलं विधान भवन जुन्या मध्य प्रांताचं, नागपूर राजधानी होतं तेव्हाचं. दर डिसेंबरात सगळं मंत्रालय फायलींसकट तिकडे हलतं, आणि मोर्चे येतात. अंगणवाडी सेविका, विनाअनुदानित शिक्षक, कोतवाल, धनगर, हलबा. 23 नोव्हेंबर 1994 ला गोवारी समाजाचा मोर्चा आला होता, अनुसूचित जमातीच्या सवलती मागायला. दिवसभर वाट बघितली, निवेदन घ्यायला कोणी आलं नाही, संध्याकाळी लाठीमार आणि चेंगराचेंगरी झाली आणि 114 माणसं मेली, त्यात बहुतेक बाया आणि लेकरं. आदिवासी विकास मंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. झिरो माइलजवळ स्मारक आहे.

आता अलीकडचं. जुलै 2021 मध्ये भाजपचे 12 आमदार गैरवर्तनासाठी एक वर्ष निलंबित झाले. 28 जानेवारी 2022 ला सुप्रीम कोर्टाने ते निलंबन घटनाबाह्य ठरवलं. मुद्दा असा होता की निलंबन चालू अधिवेशनापुरतंच करता येतं. आमदाराला काढून टाकलं तर सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते, पण वर्षभर निलंबित ठेवलं तर मतदारसंघाला ना जुना आमदार ना नवा, म्हणजे शिक्षा आमदारापेक्षा मतदारांनाच.

आणि 2024 च्या निवडणुकीनंतर वेगळाच पेच. विरोधी पक्षनेतेपदासाठी एकूण जागांच्या दहा टक्के, म्हणजे 29 आमदार एका पक्षाकडे हवेत असा संकेत धरला जातो. ठाकरेंची शिवसेना 20, काँग्रेस 16, शरद पवारांची राष्ट्रवादी 10. एकाही पक्षाकडे 29 नाहीत. विरोधक म्हणतात हा आकडा कायद्यात कुठेच लिहिलेला नाही, सत्ताधारी संकेताकडे बोट दाखवतात, आणि मान्यता द्यायची की नाही हे ठरवायचा अधिकार आहे अध्यक्षांचा.