नांगर खाली ठेवला तेव्हा

मंडळी, माईक जरा लांब धरतो, खरखरतोय. हां. तर आत्ता इथे येताना दारातच एका दहावीच्या पोराने अडवलं आणि विचारलं, काका, मेहनत केली की गरिबाचं पण होतं ना? मी आपलं हो रे हो म्हणून आत आलो, आणि चपला काढता काढता वाटलं की अर्धं खोटं बोललो.

कारण नुसत्या राबण्याने दिवस पालटत असते तर आपल्या अलिबागच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, तीन पिढ्यांपूर्वीच सगळे बंगल्यात राहिले असते. माझा आजा खोताचं कूळ, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराची जमीन कसणारा. उन्हाळ्यात राब भाजायचा, म्हणजे भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा पसरून जमीन जाळायची, मग गुडघाभर चिखलात लावणी, भरतीने बांध फोडला की रात्री-अपरात्री चिखलाची ढेकळं घेऊन धावायचं, आणि एवढं करून खळ्यावर मळणी झाली की खोताचा माणूस माप घेऊन हजर. घरी यायचा तो पेंढा (थोडं वाढवून सांगतोय, पण फार नाही हां). वर खोताच्या घरची वेठ फुकट. आता त्याने अजून कसली मेहनत करायला हवी होती?

बदललं कधी, तर १९३३ साली आपल्याच अलिबागजवळच्या चरी गावात सभा झाली आणि शेतकऱ्यांचे पुढारी नारायण नागू पाटील यांच्या मागे पंचवीस गावच्या कुळांनी ठरवलं की खोताची जमीन कसायचीच नाही. हा संप १९३९ पर्यंत चालला! लोकांनी जंगलातली लाकडं तोडून विकली, अर्धपोटी राहिले, पण नांगर धरला नाही. बाबासाहेब आंबेडकर स्वतः चरीला आले, १९३७ ला मुंबईच्या विधिमंडळात त्यांनी खोती बंद करायचं बिल मांडलं, आणि कायद्याने खोती गेली ती १९४९ ला. म्हणजे बघा, पिढ्यान् पिढ्या राबून जे झालं नाही ते राबणं थांबवल्यावर सुरू झालं. गंमतच आहे.

तुम्ही म्हणाल, महर्षी कर्व्यांचं काय. दापोलीच्या मुरुडहून परीक्षेसाठी कुंभार्ली घाट चढून साताऱ्याला चालत गेले, आणि तिथे साहेब म्हणाला तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस, बसता येणार नाही. कष्टाला तोड नाही, मान्य. पण वय दिसलं असतं तर बसू दिलं असतं ना. त्याच साताऱ्यात पुढे आंबडव्याच्या सकपाळांचा भीमराव शाळेत गेला तेव्हा त्याला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसवलं, आणि हे काय वय वाढल्यावर सुटणार होतं थोडंच. तरी त्याचे वडील लष्करी शाळेत हेडमास्तर होते, घरात पुस्तकाची किंमत होती, पुढे सयाजीरावांची स्कॉलरशिप मिळाली म्हणून १९१३ ला कोलंबिया. हे बोललं की कोणतरी रागावतं, बाबासाहेबांची मेहनत कमी करता म्हणून. अहो उलट, तेवढीच बुद्धी आणि तेवढीच जिद्द असलेली किती पोरं दुसऱ्याची गुरं राखत म्हातारी झाली असतील, मला त्यांची आठवण येते.

माझंच घ्या. चुलतभाऊ माझ्यापेक्षा गणितात पक्का. पण मला परळला मामाच्या दहा बाय दहाच्या खोलीत पोटमाळ्यावर झोपायला जागा मिळाली, त्याला कोणी मामा नव्हता मुंबईत. मी बँकेत लागलो, तो आजही पहाटे होडीवर जातो, आणि गावात सत्कार माझा होतो, कष्टातून वर आला म्हणून. खरं तर शाल त्या पोटमाळ्याला घालायला पाहिजे.

तर त्या पोराला मी परत बाहेर जाऊन विचारलं, तू शाळेत जातोस कसा? म्हणाला, सकाळची गाडी बंद झाली, आता चार किलोमीटर चालतो, पहिला तास बुडतो, आणि पहिला तास गणिताचा असतो. बसलाय बघा तो मागे, खांबाजवळ. त्याच्या वाडीतली अजून सात-आठ पोरं आहेत म्हणे. चहा झाला की कोणी घाईने उठू नका, कागद-पेन आणलंय, गाडीचा अर्ज इथेच लिहून घेऊ, सह्या पण आजच.