लिनक्सवर प्रिंट येत नाही? प्रिंटर डिलीट करू नका, आधी हे बघा

नमस्कार मंडळी! प्रिंट दिली, कागद काही येईना, की बहुतेक जण पहिलं काय करतात? प्रिंटर डिलीट करून पुन्हा ॲड करतात. विंडोजची सवय, दुसरं काय! लिनक्सवर ही घाई नको. गाडी कुठे अडलीय ते कप्स स्वतःच सांगतं, विचारलं तर.

कप्स म्हणजे छपाईचा सगळा कारभार बघणारी यंत्रणा. 2002 पासून मॅकमध्येही तीच आहे. तुमची फाईल आधी हिच्या रांगेत जाते, प्रिंटरला कळेल अशा रूपात बदलते आणि मग वायरने किंवा वायफायने पुढे जाते.

[स्क्रीनवर टर्मिनल]

टाइप करा: एलपीस्टॅट, स्पेस, डॅश टी. सगळं स्मॉलमध्ये. पहिल्याच ओळीत ‘शेड्यूलर इज रनिंग’ दिसायला हवं. ‘नॉट रनिंग’ असेल तर कप्स रीस्टार्ट करा, कमांड व्हिडिओखाली दिलीय.

आता ‘डिव्हाइस फॉर’ ही ओळ नीट बघा. इथे प्रिंटरचा पत्ता असतो. माझ्याकडे दिसतंय सॉकेट, पुढे 192.168.1.7, शेवटी पोर्ट 9100. लाइट गेली, राउटर परत चालू झाला, की प्रिंटरला दुसराच आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, मिळू शकतो. कप्स मात्र बिचारं जुन्याच दारावर टकटक करत बसतं! त्या आयपीला पिंग करा, म्हणजे पिंग कमांडने तिथून उत्तर येतं का ते बघा. उत्तर नाही आलं, तर प्रिंटरच्या मेनूत नेटवर्कमध्ये जाऊन सध्याचा आयपी बघा. मग ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट कोलन 631, म्हणजे कप्सचं सेटिंगचं पान, उघडा, मॉडिफाय प्रिंटरमध्ये नवा पत्ता टाका. आणि राउटरमध्ये प्रिंटरचा आयपी कायमचा राखून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी लाइट गेली की हेच सगळं पुन्हा.

पत्ता बरोबर, तरी कागद नाही? मग त्याच आउटपुटमध्ये प्रिंटरच्या नावापुढे ‘डिसेबल्ड’ लिहिलंय का बघा. बऱ्याच ठिकाणी सेटिंग अशी असते की एक प्रिंट फसली की कप्स अख्खा प्रिंटरच थांबवतं. मूळ दोष दुरुस्त झाला तरी तो आपोआप सुरू होत नाही. सुडो कप्सएनेबल आणि पुढे प्रिंटरचं नाव, की अडकलेल्या प्रिंट धडाधड बाहेर! म्हणून आधी रांगेतल्या नको असलेल्या प्रिंट रद्द करा. एकच पान चार-चारदा पाठवलेलं असतं सगळ्यांनी.

कप्सच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाईलमध्ये, ‘फिल्टर फेल्ड’ दिसलं तर फाईल प्रिंटरला कळेल अशा रूपात बदलतानाच अडलीय. वायर, वायफाय सोडा, ड्रायव्हरकडे वळा.

आणि एचपी लेझरजेट 1020 वाल्यांनो, तुमचं प्रकरण वेगळं. या प्रिंटरला दर वेळी चालू केल्यावर फर्मवेअर, म्हणजे त्याचं आतलं सॉफ्टवेअर, कॉम्प्युटरकडूनच मिळतं. त्यासाठी लागणारं प्लगइन एचपीलिपच्या, म्हणजे एचपीच्या लिनक्सवरच्या प्रिंटर सॉफ्टवेअरच्या, व्हर्जनशी जुळावं लागतं. उबंटू अपग्रेड केल्यावर प्रिंटर गप्प झाला असेल, तर एचपी डॅश प्लगइन ही कमांड परत चालवा, प्रिंटर बंद करून चालू करा.

एवढं करूनही अडलात तर कमेंटमध्ये नुसतं ‘चालत नाही’ लिहू नका. एलपीस्टॅटचं आउटपुट टाका, मग बोलू.