पूर्व भागातली बंद शेड, अक्का आणि कांडी

सोलापूरचा पूर्व भाग. दिवसा कुठल्याही बोळात शिरा, यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतोच, आणि दारात सूप घेऊन बसलेल्या बायका, विड्या वळता वळता तेलुगूत गप्पा चाललेल्या. बोळाच्या टोकाला ही शेड. आत जुने हातमाग, वर जकार्ड म्हणजे नक्षी विणायचं यंत्र, सगळ्यावर धूळ. लाईट कधीच तोडलेली, आणि तरी रात्री आतून आवाज यायचा. खण्ण... खण्ण... कुणीतरी हळूच माग चालवतंय असा. मधेच एक किंकाळी. काहींनी तर फुटक्या पत्र्यातून पांढरं तोंड पाहिलं, काळे डोळे. बोळाने ठरवून टाकलं, जुना विणकर परत आलाय.

ह्या अक्का. आयुष्यभर विड्या वळल्या. त्यांचे मालक ह्याच शेडमध्ये चादरी विणायचे, म्हणजे भूत कुणाचं म्हणायचे ते तुमच्या लक्षात आलं असेल. अक्का म्हणतात, "दिवसभर मागावर बसून पाठ मोडायची त्यांची, मेल्यावर रात्रपाळी कशाला करतील?"

आणि ही कांडी. अक्कांची मांजर.

आता हा शॉट नीट बघा. शेडमध्ये अजून काहीच आवाज नाही, पण कांडीचे कान आधीच मागाकडे वळलेत. खण्ण नंतर आलं. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, मांजराला ६० च्याही वर, आणि उंदीर एकमेकांशी बोलतात ते बरंचसं आपल्या कानाच्या वरच्या पट्टीत. अक्कांना हे आकडे कुणी शिकवले नाहीत, त्या फक्त मांजराकडे बघत होत्या. "कांडी उगं बघत नाही. काय तर हाय तिथं."

मग त्यांनी मागाखाली रांगोळी चाळून टाकली, एकदम पातळ. सकाळी बारीक पावलं आणि शेपटीची रेघ. उंदीर!

पण उंदरांनी माग कसा वाजेल? त्यासाठी जकार्ड बघायला लागेल, आणि बघण्यासारखंच आहे ते. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जोसेफ मारी जकार्ड यांनी ही युक्ती आणली. पुठ्ठ्याच्या कार्डाला भोकं, एक कार्ड म्हणजे विणीची एक ओळ. भोक असेल तिथली सुई आत जाते, हुक उचलला जातो, ताण्याचा, म्हणजे उभा, तो धागा वर येतो, खालून आडवा धागा घेऊन धोटा जातो. अशी शेकडो कार्डं ओळीने फिरतात तेव्हा चादरीवर एक मोर उभा राहतो. सोलापुरी चादर जगभर गेली ती ह्या भोकांच्या जोरावर, आणि आपण हे माग धूळ खात ठेवलेत. तर ह्या हुकांना दोऱ्या लटकतात, प्रत्येक दोरीच्या खाली लोखंडी वजन असतं, दोरी ताठ राहावी म्हणून. मागावर अर्धवट राहिलेल्या ताण्याला खळ लावलेली, म्हणजे पीठच, ते खायला उंदीर दोऱ्यांवरून चढायचे आणि वजनं एकमेकांवर आपटायची. खण्ण.

राहिली किंकाळी. कांडी उंदरांच्या मागे न जाता वर तुळईकडे टक लावून बसायची, आणि एके दिवशी तिथून पडलेला हा काळपट गोळा तोंडात धरून अक्कांसमोर आणून टाकला. अक्कांनी विडीच्या कात्रीने तो फोडला. आत उंदराची कवटी, हाडं, केस. कुणीतरी अख्खा उंदीर गिळून न पचलेलं बाहेर टाकलं होतं.

आणि हे बघा. गव्हाणी घुबड. बदामासारखा पांढरा चेहरा, काळे डोळे. हे घू घू करत नाही, किंचाळतं. फुस्स फुस्स करताहेत ती पिल्लं. आपल्याकडे घुबड दिसलं की अपशकुन म्हणून दगड मारतात, खरं तर वर्षानुवर्षं शेताशिवारातले आणि गोदामातले उंदीर तेच कमी करत आलंय, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. कृपा करून दगड मारू नका.

शेजारच्या कारखान्यात रात्रपाळी परत सुरू झालीय, मांत्रिकासाठी गोळा केलेले पैसे ज्याचे त्याला दिले, आणि अक्कांशी बोलायचं सोडलेल्या बायका आता परत त्यांच्या दारात सूप घेऊन बसतात.

पिल्लं उडायला दोनेक महिने लागतात. तोवर पत्रे काढायचे नाहीत असं अक्कांनी शेडमालकांकडून कबूल करून घेतलंय. मागांचं काय करायचं ते मात्र अजून ठरलेलं नाही, भंगारवाला येऊन बघून गेलाय. मोराची कार्डं तेवढी अक्कांनी मागून घेतलीत.