स्पायडरमॅनचं एक पॅनेल आणि पन्नास वर्षांचा वाद

राम राम मंडळी! जळगावहून तुमचं मनापासून स्वागत. सुपरहिरोंच्या सिनेमांवर आपण या चॅनेलवर खूप बोलतो, पण आज सगळा व्हिडिओ एकाच पॅनेलवर आहे. कॉमिकच्या पानावर असतं ना, तसं एक चौकोनी चित्र.

[स्क्रीनवर: पुलाच्या बुरुजाचं साधं रेखाचित्र]

अंक आहे 'अमेझिंग स्पायडरमॅन' क्रमांक 121, त्यावर तारीख जून 1973. लेखक गेरी कॉनवे, पेन्सिल गिल केनची, शाई जॉन रोमिटा सीनियरची. ग्रीन गॉब्लिन या व्हिलनने पीटर पार्करच्या, म्हणजे स्पायडरमॅनच्या, प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, पुलाच्या बुरुजावर नेऊन ठेवलंय. मजकुरात पुलाचं नाव जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज, चित्र मात्र सरळसरळ ब्रुकलिन ब्रिजचं. तो वाद वेगळा, तो सोडून देऊ. गॉब्लिन तिला खाली पाडतो. स्पायडरमॅन वरून जाळं सोडतो. जाळं बरोबर तिच्या पायांना लागतं. आणि तिच्या मानेपाशी अगदी बारीक अक्षरांत एक आवाज लिहिलाय: 'स्नॅप'.

पान घाईत वाचलं तर तो आवाज नजरेतून सुटतो. पीटरच्याही लक्षात येत नाही. तो तिला वर ओढतोय आणि स्वतःवर खूश होऊन बोलतोय, की बघा, माझ्यासारखा दुसरा कोण आहे! मग ती हातात येते आणि त्याला कळतं. गोष्टीचं नावसुद्धा या अंकात पहिल्या पानावर नाही. ते शेवटच्या पानावर छापलंय, कारण त्या नावातच ग्वेनचा मृत्यू आहे.

गॉब्लिन तिथे म्हणतो की इतक्या उंचीवरून पडणारं माणूस खाली पोचायच्या आधीच मरतं. वाचकांना ते पटलं नाही. पत्रं गेली, आणि अंक 125 च्या पत्रांच्या पानावर संपादकीय उत्तर आलं: जाळ्यामुळे ती एकदम थांबली, त्या हिसक्याने तिचा जीव गेला.

हा हिसका आपण मोजून बघू. समजा ती सत्तर मीटर खाली आली. तेवढ्यात तिचा वेग होतो ताशी सुमारे 130 किलोमीटर. हा वेग अर्ध्या सेकंदात शून्यावर आणायचा, तर शरीरावर वजनाच्या आठ-नऊ पट ताण येतो. आणि धरलेत काय, तर पाय. मानेला कसलाच आधार नाही. आपल्याकडे ज्याने खोल विहिरीतून दोराने पाणी शेंदलंय त्याला हे सांगावं लागणार नाही. हातातून सुटलेला पोहरा सर्रकन खाली जातो, आपण घाबरून दोर एकदम आवळतो, आणि पोहऱ्याची कडीच निखळून येते.

आता मुद्द्यावर येतो. गोष्टीत हिरो हरतो तेव्हा बहुतेक वेळा तो उशिरा पोचलेला असतो, किंवा व्हिलन त्याच्यापेक्षा ताकदवान असतो. इथे पीटर वेळेवर पोचला. नेम बरोबर लागला. जे करायला हवं ते त्याने केलं, आणि त्या करण्यानेच ती गेली. या गोष्टीची गाठ ही आहे. माझं म्हणणं असं की सिनेमा किंवा सिरीज कॉमिकशी किती प्रामाणिक आहे ते सूटच्या रंगावरून ठरवू नका. त्यांनी ही गाठ जपली, सैल केली की जाणूनबुजून सोडली, ते बघा.

नव्वदच्या दशकात टीव्हीवर स्पायडरमॅनची कार्टून मालिका होती. तीत पूल आहे, गॉब्लिन आहे, पण पडते पीटरची दुसरी मैत्रीण, मेरी जेन. आणि मरायच्या ऐवजी ती हवेत उघडलेल्या एका दारातून दुसऱ्या मितीत नाहीशी होते. लहान मुलांची मालिका, तिथे मृत्यू दाखवता येईना, म्हणून काढलेली वाट. मला ती वाईट वाटत नाही. हिरोने माणूस गमावल्याची खंत तरी तिने ठेवली.

मग 2002. सॅम राइमीचा सिनेमा. गॉब्लिनच्या एका हातात मेरी जेन, दुसऱ्या हातात लहान मुलांनी भरलेल्या केबल कारचा दोर. दोन्ही सोडून देतो. स्पायडरमॅन दोघांना वाचवतो, पुलावरची साधी माणसं गॉब्लिनवर वस्तू फेकतात, आणि पुढे गॉब्लिन आपल्याच ग्लायडरने मरतो. तो मृत्यू अंक 122 मधला. म्हणजे पूल 121 चा, शेवट 122 चा, मुलगी वेगळी, आणि ती जगते.

गेल्या हिवाळ्यात आसोद्याला मळ्यात भरीत पार्टी होती. वांगी काठ्यांच्या जाळावर भाजत होती आणि आमचा एक मित्र हट्टाला पेटला होता: "काय भो, पुलाचा सीन घेतला आणि पोरगी वाचवली? मग घेतला कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण माझं मत त्याच्या उलट आहे. सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर आठ महिन्यांनी न्यूयॉर्कवर आलेला हा सिनेमा. त्याला विचारायचं होतं की एक आपलं माणूस आणि अनेक परकी मुलं यांतून तू काय निवडशील. राइमीने जुनी गाठ सोडली आणि तिथे स्वतःची नवी बांधली. जागा तीच, प्रश्न दुसरा. याला मी चोरी म्हणत नाही, फसवणूकही म्हणत नाही. मित्राला अजून पटलेलं नाही.

खरा गुंता 2014 चा. मार्क वेबचा 'अमेझिंग स्पायडरमॅन'चा दुसरा भाग, ग्वेनच्या भूमिकेत एमा स्टोन. यात सगळं कॉमिकमधलं आहे. हिरवा कोट, जांभळा स्कर्ट. पुलाच्या जागी घड्याळाचा मनोरा आहे, पण घड्याळाचे काटे थांबतात ते एक वाजून एकवीस मिनिटांवर. अंक 121! फॅन मंडळींनी तो फोटो किती वेळा एकमेकांना पाठवला असेल.

[स्क्रीनवर: घड्याळाचे काटे 1:21 वर]

आता ग्वेन पडते तो क्षण बघा. जाळं तिच्यामागे झेपावतं, त्याचं टोक हाताच्या बोटांसारखं उघडतं. ते पोचतं, तिला धरतं, आणि त्याच क्षणी तिचं डोकं फरशीवर आपटतं. तिला हिसक्याने मारलं की फरशीने, यावर फॅन आजही भांडतात. पण पडद्यावर डोळ्यांना जे दिसतं ते हेच, की जाळं कणभर उशिरा पोचलं. म्हणजे गोष्ट परत 'उशीर झाला' वर आली. कोट बरोबर, काटे बरोबर, आणि गाठ सैल. पीटर झालेला अँड्र्यू गारफिल्ड त्यात जीव तोडून रडलाय, ते रडणं खोटं नाही. पण त्यानंतर थडग्यासमोर ऋतू बदलतात, पाच महिने काही क्षणांत सरतात, आणि तो पुन्हा सूट घालून हजर. एवढ्या मोठ्या घावाला सिनेमाने वेळच दिला नाही, ही माझी खरी तक्रार.

काहीच जुळत नसताना गाठ जपता येते का? येते. धुळ्याहून तासाभरावर मालेगाव आहे. तिथे नासिर शेख आणि त्याच्या मित्रांनी 'मालेगाव का सुपरमॅन' बनवला. सुपरमॅन झालेला शफीक शेख पॉवरलूमवर काम करणारा काटकुळा तरुण. ते शूटिंग फैजा अहमद खानच्या 2008 च्या माहितीपटात दिसतं, आणि 2025 मध्ये त्या मित्रांवरचा रीमा कागतीचा हिंदी सिनेमाही आला. त्या अंगयष्टीत, त्या कपड्यांत कॉमिकमधलं काय आहे? काही नाही. तरी तो सुपरमॅन वाटतो, कारण तो आपल्या गल्लीतल्या माणसांसाठी धावतो. शफीक पुढे कॅन्सरने गेला. तो माहितीपट पाहिला नसेल तर आधी तो बघा, माझा व्हिडिओ थांबवून बघा.

आता 2021, 'नो वे होम'. यात वेगवेगळ्या सिनेमांतले स्पायडरमॅन एकत्र येतात. मेरी जेन नव्हे, झेंडायाची एमजे. स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याभोवतीच्या बांधकामाच्या परांच्या कोसळतात, ती पडते. टॉम हॉलंडचा पीटर तिच्यामागे उडी घेतो, पण गॉब्लिन त्याला मधूनच उडवून लावतो. तेव्हा वरून गारफिल्डचा पीटर झेप घेतो. आणि तो तिच्यावर जाळं मारत नाही. तिच्यापर्यंत स्वतः खाली जातो, दोन्ही हातांनी तिला जवळ घेतो, मगच जाळ्याने झोका घेऊन जमिनीवर उतरतो. तिला विचारतो, ठीक आहेस ना? आणि त्याचे डोळे भरून येतात.

शब्दात कुठेही सांगितलेलं नाही, पण हात बघा. लांबून धरायचं नाही, सोबत पडायचं आणि सोबत थांबायचं. 1973 चा तो हिसका या माणसाच्या अंगात मुरलाय असं मला त्या काही सेकंदांत वाटलं. 2014 च्या सिनेमाने सैल केलेली गाठ सात वर्षांनी दुसऱ्याच सिनेमाने परत आवळली. सुपरहिरोंच्या सिनेमांत माझ्यासाठी याच्या तोडीचं रूपांतर नाही.

2023 च्या 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स'मध्ये तर ग्वेन स्वतःच स्पायडर आहे. उंच इमारतीच्या कडेला उलटी बसून ती माइल्सला, म्हणजे या सिनेमातल्या स्पायडरमॅनला, सांगते की बाकी सगळ्या विश्वांत ग्वेन स्पायडरमॅनच्या प्रेमात पडते आणि शेवट चांगला होत नाही. पन्नास वर्षं जिच्या मरणावर आपण वाद घातला, ती आता स्वतः त्याबद्दल बोलतेय! हा सिनेमा मराठीत डब होऊन आला होता, म्हणजे घरातल्या आजीलाही दाखवता येईल.

एक पान मात्र अजून राहिलंय. अंक 122 चं शेवटचं. गॉब्लिन मेला, पीटर घरी येतो, मेरी जेन तिथे आहे. ही तोवर नुसती हसरी, पार्ट्यांमध्ये रमणारी मुलगी. पीटर तिच्यावर ओरडतो, जा इथून. ती दारापर्यंत जाते, दार उघडते, घुटमळते. मग दार आतून लावून घेते आणि थांबते. पीटरचं पुढचं सगळं आयुष्य त्या पानातून निघालंय. कार्टून नव्हे, खऱ्या नटांच्या सिनेमात हे पान जसंच्या तसं मी पाहिलेलं नाही.

आणि ते सिनेमात यायचंही नाही. सिनेमाला क्लायमॅक्सनंतर दहा मिनिटं मिळतात. हे काम सिरीजचं आहे. आठ भागांची सिरीज करा. पहिल्या चार भागांत ग्वेनला मनसोक्त जगू द्या, तिचा अभ्यास, तिचे वडील, पीटरशी भांडणं. पाचव्यात पूल. आणि उरलेले तीन भाग, कुठलाही नवा व्हिलन न आणता, फक्त पीटर आणि मेरी जेनला द्या.

मेरी जेनसाठी कोण अभिनेत्री घ्याल, आणि पुलाचा भाग कुठल्या दिग्दर्शकाला द्याल, ते कॉमेंटमध्ये लिहा. अहिराणीत लिहिलं तरी चालेल. आसोद्याचा तो मित्रही वाचणार आहे, त्याला 2002 बद्दल पटवून देता आलं तर बघा.