न बांधलेला तुकडा

मंडळी, नान्नजचं माळढोक अभयारण्य इथून हाकेच्या अंतरावर, आणि मी बोलायला उभा राहिलोय शिकारीच्या रायफलवर. तेव्हा आधीच सांगतो: 1972च्या कायद्यानं आपल्याकडची शिकार बंद झाली, आणि बरंच झालं. मी हरणांबद्दल नाही, चापाबद्दल बोलणार आहे. गड्ड्याच्या जत्रेत फुगे फोडताना आपण बोटानं ओढतो, तो चाप. माझं आयुष्य टूलरूममध्ये गेलं, त्यामुळं बंदुकीकडं मी फिटरच्याच नजरेनं बघतो.

काडतुसावर आपटून बार करते ती फायरिंग पिन. तिच्या मागं दाबलेली स्प्रिंग असते. पिनला सिअर नावाचा तुकडा अडवून धरतो आणि सिअरला खालून चापाची धार टेकू देते. ह्या दोन धारा एकमेकींवर किती बसलेल्या असतात? साधारण अर्धा मिलिमीटर. तेवढ्यावर सगळा संसार.

आता अमेरिकेची गोष्ट. 1948 साली रेमिंग्टन कंपनीनं 721 नावाची रायफल काढली. तिचा चाप माइक वॉकर या इंजिनिअरनं बनवलेला, आणि हा गडी स्वतः अचूक नेमबाजीचा शौकीन. 1962 पासून तोच चाप कंपनीच्या 700 या मॉडेलमध्ये आला. वॉकरनं काय केलं, तर चाप आणि सिअर यांच्यामध्ये पोलादाची एक पातळ पट्टी घातली, कनेक्टर. ती चापाला रिव्हेटनं जोडलेली नाही, पिननं नाही, नुसत्या स्प्रिंगनं टेकवलेली. गोळी सुटली की ती चापापासून क्षणभर पुढं ढकलली जाते आणि परत येऊन बसते. चापाची ओढ इतकी स्वच्छ लागायची की नेमबाज या चापावर खूश होते. मीही असतो.

पण दर वेळी ती पट्टी परत येणारच, याची हमी काय? मध्ये बारीक कचरा गेला, जुनं तेल घट्ट झालं, थंडीत बर्फ धरला, तर पट्टी पूर्ण जागेवर येत नाही. सेफ्टी, म्हणजे बंदूक चुकून सुटू नये म्हणून असलेला खटका, लावली की सिअर वर उचलला जातो, त्यामुळं काहीच कळत नाही. सेफ्टी काढली की सिअर खाली येतो, टेकू सापडत नाही, आणि चापाला बोट न लावता बार होतो.

त्यातली वाईट गोष्ट पुढंच आहे. 1982 पर्यंतच्या रायफलींत सेफ्टी लावलेली असताना बोल्ट, म्हणजे काडतूस आत-बाहेर करणारा सरकता दांडा, उघडतच नसे. म्हणजे काडतूस बाहेर काढायचं, तर आधी सेफ्टी काढा. शिकार संपवून, सावधपणे बंदूक रिकामी करणाऱ्या माणसाच्या हातात ती सुटायची.

इथं यंत्रमागवाले बसलेत म्हणून सांगतो. धोटा पेटीत नीट पोचला नाही, तर आपला माग धाडकन थांबतो. चुकलं की थांबायचं, अशी त्याची रचना. वॉकरच्या चापाची रचना उलटी: चुकलं की सुटायचं. अमेरिकेतल्या त्या कारखान्यापेक्षा आपला माग जुळवणारा जॉबर या बाबतीत शहाणा निघाला, असं मी म्हटलं तर हसू नका. वॉकरनं स्वतः 1948 मध्येच सुधारणा सुचवली होती; बंदुकीमागं साडेपाच सेंट खर्च येणार होता, असं नंतर कागदपत्रांतून बाहेर आलं. चापात दोष आहे हे कंपनीनं कधी मान्य केलं नाही. मालकांनी लावलेल्या दाव्यात तडजोड मात्र झाली. तिच्यात 75 लाखांच्या आसपास बंदुका आल्या, आणि बऱ्याच मालकांना चाप फुकट बदलून मिळायची सोय झाली.

2006 पासून कंपनीनं कनेक्टर नसलेला नवा चाप आणला. एप्रिल 2014 मध्ये त्याही रायफली परत बोलवाव्या लागल्या, कारण जोडणीत चिकटवायचं रसायन जास्त पडलं होतं. दुखणं गेलं, औषध बाधलं.

म्हणून तिथले कितीतरी शिकारी दुसऱ्या कारखान्याचा चाप बसवतात. काम फार नाही: बंदूक रिकामी, बोल्ट बाहेर, लाकडी दस्ता वेगळा, दोन पिना ठोकून काढायच्या, की जुना चाप हातात येतो. खरी मेहनत नंतरची. रिकाम्या बंदुकीचा बोल्ट जोरात आपटून बंद करायचा, दस्ता रबरावर ठोकायचा, सेफ्टी लावून चाप ओढायचा, सोडायचा आणि मग सेफ्टी काढायची. फायरिंग पिन एकदाही पुढं गेली, तर काम पुन्हा पहिल्यापासून. ओढ हलकी करायचा मोह तर आवरायलाच हवा. शिकारीला सव्वा-दीड किलोची ओढ ठीक. गारठलेल्या बोटाला त्याहून हलका चाप कळतसुद्धा नाही.

आपल्याकडं 315 बोअरची रायफल असणाऱ्यांनी हे ऐकून घरी हातोडी घेऊ नये. 1959च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमाखाली बंदूकदुरुस्तीच्या धंद्यालाच परवाना लागतो. तसा परवाना असलेल्या माणसाकडं न्या, आणि समोर बसून चाचणी करून घ्या.

मागच्या टेबलावर मी लाकडाचा मोठा नमुना ठेवलाय, कनेक्टरसकट. शेजारी वाटीत मागाखालची कापसाची धूळ आहे. चिमूटभर टाका आणि चाप ओढून बघा.